दारू सोडायलाही सोबत लागते

(चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथील कार्यकर्त्यांनी जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलून झालं, विजेच्या बिलावर झालं, पीक विम्यावर झालं. आम्ही चकलांब्याहून आलो आहोत ते आणखी एक हिशेब मांडायला. हा हिशेब आपण बैठकीत कधी मांडत नाही. घरी जाताना वाटेवर कुजबुजतो, आणि पुन्हा पुढच्या बैठकीला भावावर बोलायला येतो.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आम्ही चार पुरुष आहोत, ज्यांनी वर्षानुवर्षं दारू प्यायली आणि आज प्यायलेली नाही. आणि आम्ही तीन बाया आहोत, ज्यांच्या घरात ती प्यायली गेली. नावं सांगणार नाही. गेवराई तालुक्यातले समोर बसलेले भाऊ आम्हाला नावानं ओळखतात, तरीही सांगणार नाही. ज्या कामाबद्दल बोलायचं आहे त्या कामाची ती रीत आहे. का, ते पुढं कळेल.

आपण या विषयावर गप्प का राहिलो, त्याला कारण आहे. शेतकरी का बुडाला असं विचारलं की शहरातला शहाणा माणूस तयार उत्तर देतो, 'दारू पितात, लग्नात उधळतात, म्हणून बुडतात.' ते उत्तर खोटं आहे, हे आपण आकडे मांडून कितीदा तरी सांगितलं. ज्या घरात कधी थेंब आला नाही तेही घर कर्जात आहेच. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की दारात येणाऱ्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, 'पीत होता का?' हो म्हटलं की मदतीचं प्रकरण अपात्रतेकडं झुकतं, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून गावोगाव आपण एक शिकलो, की दारूचं नाव काढायचं नाही. काढलं तर सरकारच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

बाहेरच्याला उत्तर देता देता आपण घरातल्याशी बोलणं सोडून दिलं. आम्ही स्वतःला सांगत होतो की भाव पडला म्हणून पितो. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, त्या हंगामात आम्ही काय केलं? भाव चढला म्हणून प्यायलो. पाऊस पडला तर आनंदानं, नाही पडला तर चिंतेनं. तेव्हा कुठं आमच्यातल्या एकाच्या डोक्यात उजेड पडला. भावाची लढाई लढलीच पाहिजे. पण ती जिंकली तरी आमची बाटली काही आपोआप आडवी होणार नव्हती.

दारू सोडायचा प्रयत्न आम्ही केला नाही असं कोणी समजू नये. सगळे उपाय करून पाहिले.

पहिला उपाय शपथेचा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, राक्षसभुवनला गोदावरीत उभं राहून घेतली. शपथ खरी होती. घेताना डोळ्यांत पाणी होतं. आठ दिवस टिकली, कुणाची महिनाभर टिकली. मोडली त्या दिवशी दारूचं दुःख वेगळं आणि शपथ मोडल्याचं वेगळं, आणि दोन्ही बुडवायला पुन्हा दारूच.

दुसरा उपाय माराचा. पोरांनी मारलं, भावकीनं खांबाला बांधलं. त्यातून काय निघालं हे बांधणाऱ्यालाही माहीत आहे.

तिसरा उपाय न सांगता औषध द्यायचा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात. आमच्यातल्या एका बाईनं तशी पुडी आणून भाजीत कालवली. त्यात काय होतं ते पुडीवर लिहिलेलं नव्हतं. नवरा बाहेरून पिऊन आला, जेवला, आणि घटकाभरात तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, ओकारी थांबेना. मरता मरता वाचला. डायसल्फिरॅम नावाचं एक औषध आहे. डॉक्टर ते देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासून देतात. त्यावर दारू पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं. तेव्हा मायबहिणींनो, कळवळ्यानं का होईना, नकळत काही देऊ नका.

चौथा उपाय केंद्राचा. आमच्यातल्या एकाला घरच्यांनी कर्ज काढून एका तथाकथित केंद्रात टाकलं. तिथं पायात साखळी होती आणि बोलणं कमी, काठी जास्त. तीन महिन्यांनी बाहेर आला आणि त्याच संध्याकाळी प्याला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला साफ मनाई केली आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्ही फसू नका.

मग एक उपाय असा पाहिला, जो काहींच्या बाबतीत टिकला. तो माळेचा. आपल्याकडं माणूस तुळशीची माळ घालतो आणि दारू-मटण सोडतो. काहींची माळ वर्षभरात तुटते, काहींची जन्मभर गळ्यात राहते. ती का राहते, यावर आम्ही बराच विचार केला. ज्यानं माळ घातली आणि घरी एकटा बसला, त्याची तुटली. जो दर एकादशीला भजनाला बसला, संध्याकाळी हरिपाठाला गेला, आषाढीला दिंडीत चालला, त्याची राहिली. म्हणजे नुसत्या मण्यांनी भागत नाही. शेजारी टाळ घेऊन बसणारा माणूस लागतो. तुम्ही दिसला नाहीत तर 'आज का आला नाही?' असं विचारायला दारात येणारा माणूस लागतो.

आणि प्यायला बसतानाही आपण एकटे कुठं असतो? पिणाऱ्याला सोबत हाकेच्या अंतरावर मिळते. न पिणाऱ्याला ती कुठं मिळते? आजचं आमचं सगळं बोलणं एवढ्या एका प्रश्नावर आहे.

आम्हाला रस्ता सापडला तो अपघातानं. आमच्यातल्या एकानं पोळ्यानंतर एकदम दारू बंद केली. रोज सकाळपासून पिणारा माणूस. दुसऱ्या दिवशी हातापायांना कापरं भरलं, घामानं अंगरखा ओला. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले, मेलेली माणसं बोलवायला लागली. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. देवऋष्याकडं न्यायची तयारी झाली. नशीब, की गाडीवाल्यानं सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे भूत नाही. शरीराला दारूची इतकी सवय झाली होती की ती तोडल्याबरोबर मेंदू खवळला. यात झटके येतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस जातो.

हे नीट लक्षात ठेवा. जो रोज आणि भरपूर पितो, त्यानं बहादुरी दाखवून घरच्या घरी एकदम बंद करू नये. आधी डॉक्टर. पहिले चार-पाच दिवस धोक्याचे असतात. दवाखान्यात झोपेची आणि झटक्यांची औषधं देतात, ब-एक जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, आणि त्यातून माणूस सुखरूप बाहेर येतो. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते, अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही होते.

दहा दिवसांनी सुट्टी देताना त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझं काम इथं संपलं. अंगातली दारू मी काढली. डोक्यातली काढायला तुम्हाला तुमच्यासारख्याच माणसांत बसावं लागेल." आणि त्यांनी दोन नावं सांगितली. एक पुण्याचं मुक्तांगण, दुसरं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात.

मुक्तांगण ऐकून तुम्हाला माहीत असेल. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते पुण्यात येरवड्याला सुरू केलं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढं केला, आणि त्यातून हे केंद्र उभं राहिलं. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. काम मात्र चालू आहे. मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते पुढं नेत आहेत. तिथं साखळी नाही. ज्यांनी स्वतः व्यसन सोडलं तीच माणसं तिथं नव्या माणसाला सांभाळतात. महिनाभराहून थोडं अधिक राहायचं, आणि नंतर पाठपुराव्याच्या बैठकीला येत राहायचं. बायकांसाठी त्यांनी 'सहचरी' नावाचा वेगळा गट केला. कारण नवरा सुधारायला आत जातो, पण मार खाल्लेली, उधारी फेडलेली बाई बाहेर तशीच राहते.

ए.ए.ची गोष्ट जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता. मूळचा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला. दारूपायी सगळं घालवून बसलेला, काही महिन्यांपासून न प्यायलेला. धंद्याचं काम फसलं. परक्या गावात, हॉटेलात तो एकटा, आणि तिथंच दारूचा बार. प्यायची उबळ आली. त्याच्या मनात आलं, आत्ता मला दुसरा दारुडा भेटला पाहिजे. त्यानं चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. शेवटी एका बाईंच्या ओळखीनं गावातल्या डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. हा सर्जन स्वतः दारूत बुडालेला. पंधरा मिनिटं बोलू म्हणून बसलेले दोघं रात्रीपर्यंत उठले नाहीत. पुढं डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला ती तारीख १० जून १९३५ धरतात, आणि तोच ए.ए.चा जन्मदिवस मानतात.

यात आम्हाला काय भावलं? विल्सन तिथं कोणाला सुधारायला गेला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. आणि सुरुवात दोघांत झाली. ना कार्यालय, ना अनुदान, ना अध्यक्ष. आज जगात १८० च्या आसपास देशांत हे गट आहेत. आपल्या देशात १९५७ साली मुंबईत सुरुवात झाली. यानं खरंच फरक पडतो का, हे अभ्यासकांनीही तपासलं. २०२० साली कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याच्याकडं नेणारे उपचार हे इतर नावाजलेल्या उपचारांइतकेच आणि काही बाबतींत जास्त उपयोगी ठरले. याचा अर्थ सगळ्यांची सुटते असा नाही. पण फुकटातल्या चहावर चालणाऱ्या बैठकीसाठी हे थोडं नाही.

मग आमच्यातले दोघं छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला, बैठकीला गेले. गेवराईहून एस.टी.नं. दाराशी गेल्यावर पाय उचलेना. वाटलं, आत कोणी साहेब असेल, नाव-गाव लिहून घेईल, आधार कार्ड मागेल, भाषण देईल. आत एक साधी खोली होती, खुर्च्या मांडलेल्या. रिक्षावाला होता, बँकेतला माणूस होता, एक म्हातारे मास्तर होते. कोणी नाव लिहून घेतलं नाही. फी विचारली नाही. थोडी शांतता, छोटी प्रार्थना, आणि मग एकेकानं उठून पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाला, 'मी दारुडा आहे.' मग स्वतःची कहाणी. मध्ये कोणी बोललं नाही. सल्ला दिला नाही. 'असं करायला नको होतं' असं कोणी म्हणालं नाही. शेवटी एक टोपी फिरली. ज्याला जमलं त्यानं दहा-वीस रुपये टाकले, खोलीचं भाडं आणि चहा त्यातून. सभासद व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. सुटलेली असायला हवी असंही नाही.

मास्तर बोलत होते. पेन्शनचे पैसे कसे चोरून प्यायचे, बायकोच्या गोळ्यांचे पैसे कसे प्यायले. आमच्यातला एकजण खाली मान घालून ऐकत होता. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "ते मास्तर माझंच सांगत होते की." चाळीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं, की आपल्यासारखा दुसराही आहे. तिथं आयुष्यभराची शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपणही पाऊस आजचाच मोजतो.

पण दर आठवड्याला संभाजीनगर कसं परवडणार? जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेला रोज, मुक्कामाची पंचाईत. चार वेळा गेलो आणि पाचव्यांदा राहिलं. तेव्हा अ‍ॅक्रनचं आठवलं. दोघांत सुरू झालं होतं ना? मग आम्हीही दोघंच होतो.

सुरू केलं चकलांब्यात. पहिली अडचण जागेची. मंदिरात बसावं तर काहींना तिथं अवघडल्यासारखं होतं. ग्रामपंचायतीत बसावं तर येणारा-जाणारा डोकावतो. कुणाच्या वाड्यावर बसावं तर दुसऱ्या गटाचा माणूस पायरी चढत नाही. शेवटी गावाबाहेर एकाच्या आखाड्यावर बसायचं ठरलं. सोमवार, दिवे लागल्यावर. दोन घोंगड्या, एक कंदील, चहाचं पातेलं. पहिले पाच सोमवार दोघंच होतो. एका सोमवारी तर एकटाच होता. तो तासभर बसून राहिला आणि मग घरी गेला. तो त्या दिवशी प्याला नाही, हे त्याच्या घरी विचारा.

दुसरी अडचण नावाची. शहरात माणूस अनोळखी राहू शकतो. गावात कोण कुठं गेला हे चुलीपर्यंत पोचतं. आम्ही त्याचा अर्थ असा लावला, की येणाऱ्याचं नाव लपणार नाही, पण तिथं बोललेलं बाहेर जाणार नाही. कुणी काय विकून प्याला, कुणी कुणावर हात उचलला, ते घोंगडीवरच राहील. एकानं हा नियम मोडला, पारावर बोलला. त्याचा परिणाम असा, की दोघं सहा महिने फिरकले नाहीत. म्हणून आम्हीही आज इथं आमचंच सांगतो आहोत, दुसऱ्याचं नाही, आणि नावं सांगत नाही.

तिसरी अडचण जातीची. ती पहिल्या दिवशी होती. चहा कुणी करायचा आणि कप कुणाचा, इथपर्यंत होती. आम्ही काही भाषण केलं नाही. चहा पाळीपाळीनं करायचा, एवढं ठरवलं. गुत्त्यावर एका ग्लासात पिताना कुणी जात विचारली नव्हती, हे एकानं बोलून दाखवलं आणि सगळे हसले.

आता जे सांगायला आम्ही खरे आलो, ते सांगतो.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. आमच्या घोंगडीवर एक तरणा माणूस येत होता, सात महिने न प्यायलेला. निघायच्या आदल्या सोमवारी त्यानं विचारलं, "तिकडं सोमवारी कुठं बसायचं?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही म्हणालो, मन घट्ट कर. म्हणजे शपथेचंच पुन्हा सांगितलं. जे आमच्या स्वतःच्या बाबतीत कधी चाललं नाही, तेच त्याच्या पदरात घातलं. तिकडं पहाटे तीनला फडात जायचं, थंडीत भिजलेल्या मोळ्या डोक्यावर वाहायच्या, रात्री कोपीत अंग मोडून पडायचं. भोवती सगळे घोटभर घेऊन झोपणारे. तो डिसेंबरात प्यायला लागला, आणि जानेवारीत एका रात्री नशेत उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. बायको दोन लेकरं घेऊन परत आली. उचल फिटली नव्हती. ती आज आमच्यात आहे. तिच्या परवानगीनंच हे सांगतो आहोत.

त्यानं विचारलेला प्रश्न साधा होता, आणि उत्तरही फार अवघड नव्हतं. पुढच्या हंगामापासून आम्ही ते शोधलं. टोळीत न पिणारे दोघं एकत्र जातील असं मुकादमाशी बोलून ठरवतो. दोन कोप्या शेजारी बांधायच्या. सोमवारी रात्री आखाड्यावरून फोन लावायचा. पाच मिनिटं का होईना, दोन्हीकडून एकेकानं बोलायचं. उबळ आली तर कोणत्याही वेळी फोन करायचा. त्या पहाटेच्या फोनला आम्ही वैतागत नाही. उचलणाऱ्याचाही तो दिवस त्यानंच निभतो. गेल्या हंगामात दोघं गेले. एक न पिता परत आला. दुसरा दोनदा घसरला, पण पुन्हा घोंगडीवर येऊन बसला. घसरलेल्याला आम्ही हाकलत नाही. ज्याला परत यायची लाज वाटते तो मरतो, हे आम्ही एकदा पाहिलं आहे.

आता बायांचं. आम्ही तिघी सांगतो. नवरा बैठकीला जात नाही म्हणून तुम्ही थांबू नका. घरच्यांसाठी अ‍ॅल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत. बिल विल्सनच्या बायकोनं, लोइसनं, १९५१ साली ते सुरू केले. आम्हीही शुक्रवारी दुपारी बसतो. तिथं शिकलो ते थोडक्यात असं. त्याची दारू तुमच्यामुळं सुरू झाली नाही, आणि तुमच्या भांडण्यानं किंवा रडण्यानं थांबणारही नाही. त्याची उधारी तुम्ही फेडू नका. मुकादमाशी त्याच्यासाठी खोटं बोलू नका. हात उचलला तर ते दारूच्या नावावर खपवू नका, लेकरं घेऊन बाजूला व्हा आणि मदत मागा. आधी आपलं जेवण, आपली झोप, लेकरांची शाळा.

आणि दुकानाचं काय, असं तुम्ही विचाराल. दुकानाविरुद्ध लढायलाच हवं. जोतीराव फुले १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा शहरात वाढणाऱ्या दारू दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली होती. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. आपल्या राज्यात २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान मागता येतं, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं बंदीला पडली तर परवान्याचं दुकान बंद होतं. बाटली आडवी करायची ती हीच. ज्या गावांना शक्य आहे त्यांनी करावी. पण दुकान बंद झालं त्या रात्री गावातल्या रोज पिणाऱ्या माणसाचं काय होतं? तो शेजारच्या गावाला जातो, नाहीतर कापरं भरून पडतो. गडचिरोलीतही बंदीनंतर तेवीस वर्षांनी, २०१६ पासून, मुक्तिपथ या कार्यक्रमातून पिणाऱ्यांसाठी उपचार आणि गावोगाव शिबिरं सुरू करावी लागली. बंदी आणि बैठक, दोन्ही लागतात. बैल एकच जुंपला तर गाडी वाकडी जाते.

आता कामाचं बोलतो. कुणाला गट शोधायचा असेल तर राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४४६. मन फार खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर टेली-मानस, १४४१६. दोन्ही फुकट. ए.ए.चं देशाचं कार्यालय मुंबईत आहे. जवळच्या गटाचा पत्ता तिथून मिळतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. पहिल्या बैठकीला एकट्यानं जाणं जड जातं, म्हणून कोणीतरी दारापर्यंत सोबत करा. एका बैठकीवरून ठरवू नका, सहा वेळा तरी जा. एक गट पटला नाही तर दुसरा बघा.

गट जवळ नसेल तर दोघांनी सुरू करा. वार आणि वेळ बदलू नका. लग्न असो, मयत असो, सोमवार म्हणजे सोमवार. कुणी भाषण करू नये, स्वतःचं सांगावं. पैसे कुणाकडून घेऊ नयेत, टोपी फिरवावी. पक्षाचा गमछा, संघटनेचा बिल्ला, दोन्ही बाहेर ठेवून आत यावं.

यावरून आजचं आमचं मागणं तुमच्या लक्षात येईल. संघटनेनं दारूमुक्तीची आघाडी काढावी, तालुका प्रमुख नेमावा, ठराव करावा, असं आम्ही मागत नाही. आघाडी निघाली की पद येतं, पद आलं की भांडण येतं. आम्ही मागतो ते एवढंच. प्रत्येक तालुक्यात संघटनेच्या माणसानं एक खोली नाहीतर एक आखाडा, आठवड्यातला एक तास, मोकळा करून द्यावा. दिवा लावावा आणि बाहेर जावं. टोळ्या निघायच्या आधी आपापल्या गावच्या मुकादमाशी बोलून ठेवावं. आणि 'पीत होता का?' असा प्रश्न बाहेरच्यानं विचारला तर घाबरू नये. सांगावं, हो, पीत होता. आजारी होता. कर्जही होतं आणि आजारही होता, आणि दोन्हीला आम्ही उत्तर शोधतो आहोत.

बैठक संपल्यावर जेवणाची पंगत आहे. पंगतीनंतर मागच्या लिंबाखाली आम्ही तासभर बसणार आहोत. ज्याला यावंसं वाटेल त्यानं यावं, बाईनं यावं, पुरुषानं यावं. नाव सांगायची गरज नाही, बोलायचीही सक्ती नाही. चहाचं पातेलं आम्ही सोबत आणलं आहे.